एक्सबी वर्ग (वाफेचे इंजिन)

एक्सबी वर्ग हा ब्रिटिशकालीन भारतातील ब्रॉडगेज रेल्वेमार्गांवर प्रवासी गाड्या ओढण्यासाठी वापरला गेलेला वाफेच्या इंजिनांचा एक वर्ग होता. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात सेवेत आलेला हा वर्ग 'भारतीय रेल्वे मानके' या योजनेखाली तयार झालेल्या पॅसिफिक इंजिनांच्या मालिकेत मोडतो. १९३७ सालच्या बिहटा येथील अपघातामुळे या वर्गाच्या रचनेतील दोष सर्वांसमोर आले व भारतातील इंजिनरचनेच्या पद्धतीला वेगळे वळण मिळाले.

पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातील अनेक रेल्वे कंपन्या ४-६-० चाकरचनेची मानक इंजिने वापरत. त्यांना उत्तम प्रतीचा कोळसा लागे. भारतातील बऱ्याच कोळशात राखेचे प्रमाण अधिक असते. असा कोळसा जाळून पुरेशी वाफ मिळवायची तर भट्टीची जाळी रुंद हवी. रुंद भट्टी मोठ्या चाकांच्या मध्ये मावत नसल्याने ती मागील लहान चाकांवर ठेवणे सोयीचे होते. यातूनच ४-६-२, म्हणजे पॅसिफिक, चाकरचनेची निवड झाली.

नव्या मालिकेत 'एक्स' हे अक्षर ब्रॉडगेजसाठी, 'वाय' मीटरगेजसाठी आणि 'झेड' अरुंद मार्गांसाठी योजण्यात आले. प्रवासी इंजिनांचे तीन वर्ग ठरले: हलक्या रुळांसाठी एक्सए, मध्यम भारासाठी एक्सबी आणि भक्कम मार्गांसाठी एक्ससी. एक्सबीचा आसभार सुमारे १७ टन होता.

रचना

एक्सबीच्या पुढील भागी चार लहान चाकांची बोगी, मध्यभागी परस्परांना जोडलेली सहा मोठी चाके आणि मागे भट्टीचा भार पेलणारी दोन लहान चाके होती. मोठ्या चाकांचा व्यास सुमारे १.८८ मीटर होता. ही इंजिने ब्रिटनमध्ये, प्रामुख्याने लँकेशायरमधील व्हल्कन फाउंड्री या कारखान्यात, बांधली गेली. एक्सए, एक्सबी व एक्ससी मिळून २८४ इंजिने भारतात आली. त्यांपैकी ९९ एक्सबी वर्गाची होती.

दोष

वेगात धावताना ही इंजिने आडव्या दिशेने हेलकावे घेत. सरळ मार्गावर इंजिनाचे तोंड आळीपाळीने डावीकडे व उजवीकडे वळत राही. पुढील बोगी व मागील चाके यांनी हे हेलकावे आवरावेत अशी अपेक्षा असते. परंतु त्यांना मध्यस्थानी परत आणणाऱ्या स्प्रिंगांचा जोर अपुरा होता. परिणामी आडवा धक्का रुळांवर बसे. खडी पुरेशी नसलेल्या किंवा पावसाने सैल झालेल्या मार्गावर अशा धक्क्यांनी रूळ जागचे सरकून वाकडे होत. इंजिनांच्या चौकटींना तडे जाण्याच्या तक्रारीही होत्या.

बिहटा अपघात

१७ जुलै १९३७ रोजी ईस्ट इंडियन रेल्वेची हावड्याकडे जाणारी जलद गाडी पाटण्याच्या पश्चिमेस असलेल्या बिहटा स्थानकाजवळ रुळांवरून घसरली. गाडीला एक्सबी वर्गाचे इंजिन जोडलेले होते. शंभराहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. या वर्गाची इंजिने वापरात ठेवणे कितपत सुरक्षित आहे, तसेच पुरेशा चाचण्यांवाचून ती एवढ्या मोठ्या संख्येने का विकत घेतली गेली, हे प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आले.

पॅसिफिक इंजिन समिती

या प्रश्नांचा तांत्रिक शोध घेण्यासाठी पॅसिफिक इंजिन समिती नेमण्यात आली. ब्रिटिश रेल्वे निरीक्षणालयातील लेफ्टनंट कर्नल ॲलन माउंट हे तिचे अध्यक्ष होते. नामवंत इंजिनरचनाकार विल्यम स्टॅनियर यांचा आणि फ्रेंच तज्ज्ञांचाही तिच्यात समावेश होता. समितीने भारतात प्रत्यक्ष चाचण्या घेतल्या व १९३९ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. केवळ इंजिनाकडे किंवा केवळ मार्गाकडे न पाहता, इंजिन आणि रूळ यांचा परस्परांवर होणारा परिणाम एकत्रितपणे तपासणे हे या अभ्यासाचे वैशिष्ट्य होय. बोगी व मागील चाकांवरील नियंत्रण वाढवल्यास इंजिनांचे धावणे सुधारते, असे दिसून आले. त्यानुसार इंजिनांमध्ये सुधारणा झाल्या आणि स्वातंत्र्यानंतरही ती अनेक वर्षे सेवेत राहिली. फाळणीनंतर या मालिकेतील काही इंजिने पाकिस्तानच्या वाट्याला गेली.

वारसा

एक्सबीच्या अनुभवाचा थेट लाभ डब्ल्यूपी या पुढील पॅसिफिक वर्गाला झाला. त्याची पहिली १६ इंजिने अमेरिकेतील बाल्डविन कारखान्याकडून १९४७ मध्ये नमुन्यादाखल आली आणि त्यांची पारख झाल्यावरच पुढील मोठ्या मागण्या नोंदवण्यात आल्या. एक्सबीच्या बाबतीत नेमकी हीच पायरी गाळली गेली होती. डब्ल्यूपी वर्गाची एकूण ७५५ इंजिने बांधली गेली व वाफेच्या युगाच्या अखेरीपर्यंत भारतातील अनेक जलद गाड्यांची भिस्त त्यांच्यावर राहिली.