पाणवठा आणि वाचनालय



4 ऑगस्ट 1923 ला मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव पास झाला. तो आपल्याला ठाऊक आहे, कारण 1927 चा महाडचा संगर त्याच ठरावाच्या पायावर उभा राहिला. सरकारी पैशानं बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखानेही खुले करावेत. आता ही यादी पुन्हा एकदा सावकाश वाचा. तिच्यात वाचनालय नाही.

यात बोल्यांचा दोष काढायचा नाही. तहानेनं माणूस मरतो, पुस्तकावाचून मरत नाही, असं कोणीही म्हणेल. पण मला वाटतं कारण आणखी खोल आहे. त्या काळी वाचनालय ही सरकारी चीज नव्हतीच. ती मंडळींची चीज होती. आणि मंडळी म्हणजे कोण, हे तुम्हाला सांगायला नको. या लेखात तेवढंच मांडायचं आहे: महाराष्ट्रात वाचनालयं कोणी काढली, पुढं सरकार त्यात कसं आलं, सरकारनं पैसा दिला पण किल्ली कोणाच्या हाती ठेवली.

सुरुवात जुनी आहे. रत्नागिरीला 1828 मध्ये वाचनालय निघालं, नाशकात 1840 मध्ये, पुण्यात 1848 मध्ये, कोल्हापुरात 1850 मध्ये. गोरे साहेब, संस्थानिक, सरदार, मामलेदार, वकील, इंग्रजी शिकलेले कारकून यांनी ती काढली. वर्गणी भरायची, सभासद व्हायचं, सभासदांनी कार्यकारी मंडळ निवडायचं, मंडळानं पुस्तकं घ्यायची. कारभार लोकशाहीचा, पण तिच्यातले लोक मोजके. पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली त्याच 1848 साली, त्याच पुण्यात जोतिराव फुल्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. महार-मांगांच्या पोरांसाठी शाळा त्यानंतर चार वर्षांनी, 1852 मध्ये. म्हणजे एका बाजूला शिकलेल्यांना आणखी वाचायला मिळावं म्हणून खटपट चाललेली, आणि दुसऱ्या बाजूला ज्यांच्या डोळ्यापुढं अक्षरच येऊ दिलं नव्हतं त्यांच्यासाठी एक माणूस आणि त्याची बायको शेणमाती झेलत होती. दोन्ही गोष्टी एकाच शहरात, एकाच काळात. आपल्या ग्रंथालयांच्या इतिहासात पहिलीचा उत्सव होतो. दुसरीचं नाव त्या इतिहासात येतच नाही.

वाचनालय ही राज्यानं आखून, खर्च करून, गावोगाव पोचवायची गोष्ट आहे, हे हिंदुस्थानात पहिल्यांदा करून दाखवलं बडोद्यानं. सयाजीरावांनी 1906 मध्ये संस्थानभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण लागू केलं. मग प्रश्न आला, शाळा सुटल्यावर पोर वाचणार काय? वाचायलाच नसेल तर आलेली अक्षरंही पुसून जातात. म्हणून 1910 मध्ये विल्यम बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावला. मध्यवर्ती ग्रंथालय, त्याखाली गावोगावची ग्रंथालयं, आणि जिथं काहीच नाही तिथं लाकडी पेट्यांतून फिरती पुस्तकं. खर्चाचा हिशेबही पक्का होता. गावानं एक हिस्सा गोळा करायचा, दुसरा स्थानिक पंचायतीनं द्यायचा, तिसरा सरकारनं. एवढी साफ योजना तोवर या देशात कोणी केलेली नव्हती.

आता याच बडोद्यात 1917 मध्ये काय झालं ते आठवा. कोलंबियात शिकून, पुढं लंडनमध्ये अभ्यासाला बसून बाबासाहेब करारापोटी नोकरीवर हजर झाले. त्यांच्या पुस्तकांच्या पेट्या घेऊन येणारी बोट युद्धात बुडाली होती. त्या पुस्तकांची जी भरपाई मिळाली, तिच्यातूनच बडोद्याला जायचा खर्च भागला. म्हणजे ग्रंथ बुडाले तेव्हा गाडीभाडं निघालं. आणि तिथं पोचल्यावर राहायला जागा नाही. पारशी खानावळीतून काठ्या घेऊन आलेल्यांनी हाकललं. तो विद्वान माणूस कामाठी बागेत पाच तास बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतला.

सयाजीरावांना मी यात गुन्हेगार धरत नाही. त्यांच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब परदेशी गेले, हे आपण विसरत नाही. मुद्दा वेगळा आहे. वरून राजा चांगला, योजना उत्तम, पैसा भरपूर. तरी ज्या शहरात देशातली सगळ्यात पुढारलेली ग्रंथालय योजना होती, त्याच शहरात देशातल्या एका मोठ्या वाचणाऱ्याला पाठ टेकायला खोली मिळाली नाही. योजना कागदावरून गावात उतरते तेव्हा ती गावातल्या माणसांच्या हातात पडते. ते हात बदलले नाहीत तर योजना त्या हातांचीच होते.

बाबासाहेबांना हे फार लवकर कळलं होतं. मुंबईच्या चाळीत वाचायला जागा नाही म्हणून शाळकरी भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसायचा. तिथंच केळुसकर गुरुजींनी त्याला पाहिलं. पुढं न्यूयॉर्कच्या आणि लंडनच्या ग्रंथालयांत त्यांची जात कोणी विचारली नाही. म्हणून 20 जुलै 1924 ला बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली तेव्हा तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांच्या जोडीला वाचनालयं आणि अभ्यासवर्ग आले. बोले ठरावात जे नव्हतं ते आपल्या सभेच्या घटनेत आलं, आणि तेही वर्षभरात. सवर्णांच्या वाचनालयाचं दार उघडेल तेव्हा उघडेल, आपण आपलं काढू, असा तो विचार होता. दादरचं राजगृह पुस्तकांसाठी बांधलं गेलं, सिद्धार्थ आणि मिलिंद महाविद्यालयं उभी राहिली, त्यामागंही हाच धागा आहे.

सरकारकडं वळू. 1939 मध्ये बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई प्रांतानं ग्रंथालयांसाठी समिती नेमली. अध्यक्ष आसफ फैजी. समितीनं उतरंड आखली. मुंबईला मध्यवर्ती, मग विभाग, जिल्हा, तालुका, पेटा, आणि शेवटी गाव. पण युद्ध आलं, मंत्रिमंडळ गेलं, आणि योजना मार्गी लागायला 1946-47 उजाडलं. ती राबवताना सरकारनं सोपा रस्ता धरला. नवी सरकारी ग्रंथालयं काढायची नाहीत. जिल्ह्याच्या, तालुक्याच्या गावी जे वर्गणीचं वाचनालय आधीपासून उभं आहे, त्यालाच जिल्हा किंवा तालुका ग्रंथालय म्हणायचं आणि अनुदान द्यायचं. इथं आपल्या सगळ्या पुढच्या कहाणीचा पाया पडला. पैसा जनतेचा झाला, कारभार मंडळींचाच राहिला.

दुसरा रस्ता नव्हताच असं नाही. रंगनाथन यांच्या खटपटीतून 1948 मध्ये मद्रासचा कायदा झाला. तिथं घरपट्टीवर ग्रंथालय कर बसवला आणि जिल्ह्याजिल्ह्यात कायद्यानं ग्रंथालय प्राधिकरणं नेमली. त्यांनी शाखा काढायच्या आणि चालवायच्या. त्याही आधी, 1945 मध्ये, आपल्याकडच्या कोल्हापूर संस्थानानं ग्रंथालयाचा कायदा केला होता. देशातला तो पहिलाच. मराठवाडा हैदराबाद राज्यात असताना तिथं 1955 चा कायदा झाला. म्हणजे महाराष्ट्राच्या पोटात दोन कायदे आधीच होते.

मग 1967 मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम आला. 1 मे 1968 पासून तो लागू झाला. त्यानं ग्रंथालय संचालनालय दिलं. सरकारला सल्ला द्यायला राज्य ग्रंथालय परिषद दिली, तिचा अध्यक्ष मंत्री. जिल्ह्याजिल्ह्यात समित्या दिल्या. ग्रंथालय निधी दिला आणि त्यात सरकारनं दरसाल कमीत कमी 25 लाख घालायचे असं लिहिलं. ग्रंथालय कर मात्र बसवला नाही. 1970 च्या नियमांनी मान्यता आणि अनुदान यांची व्यवस्था लावली. अ, ब, क, ड असे वर्ग आले. विभागाच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी ग्रंथालयं निघाली, पण खाली गावागावात संस्थेचंच वाचनालय राहिलं. अशी मान्यताप्राप्त वाचनालयं पुढं दहा हजारांच्या वर गेली. आकडा मोठा आहे, अभिमानानं सांगितला जातो.

पण हा आकडा कसा वाढतो ते बघा. अनुदान पाहिजे तर मान्यता पाहिजे. मान्यता पाहिजे तर आधी संस्था नोंदवलेली पाहिजे, जागा पाहिजे, ठरलेली पुस्तकं पाहिजेत, वर्तमानपत्रं पाहिजेत, सभासद पाहिजेत, हिशेब तपासलेला पाहिजे. म्हणजे ज्याच्याकडं वाडा आहे, ज्याला धर्मादाय आयुक्ताच्या कचेरीतले कागद वाचता येतात, ज्याच्या ओळखीचा वकील आहे, त्याचं वाचनालय आधी उभं राहतं आणि मग सरकार त्याला हात देतं. ज्या वस्तीत एक खोलीत सात माणसं झोपतात, तिथं वाचनालयाची सगळ्यात जास्त गरज, आणि तिथंच मान्यतेच्या अटी सगळ्यात जड. कायद्यात जात कुठंच लिहिलेली नाही. लिहायची गरजच पडली नाही.

माझाच अनुभव सांगतो. तालुक्याच्या गावी शाळेत होतो. तिथल्या वाचनालयात सभासद व्हायला गेलो. वर्गणीचे पैसे मुठीत होते. टेबलामागचा माणूस गोड बोलला. म्हणाला, "बाळ, जुन्या सभासदाची सही आण, मग पुस्तक नेता येईल." आमच्या वस्तीत एकही सभासद नव्हता. सभासद नाही म्हणून सही नाही, सही नाही म्हणून सभासद नाही. आजोबांच्या काळी हाकललं असतं. मला कोणी हाकललं नाही, शिवी दिली नाही, नियम दाखवला. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजी इहिरीला कुलूप नाय, पर पोहरा त्येंचाच." मला त्या दिवशी एवढं समजलं नव्हतं. पुढं कायदा वाचला तेव्हा समजलं.

2012 मध्ये सरकारनं राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी केली. कागदावरची वाचनालयं उघडी पडली. कुठं पुस्तकं नाहीत, कुठं वाचक नाहीत, पाटी आणि अनुदान तेवढं आहे. त्यावरून सगळ्याच ग्रंथालयांकडं संशयानं बघायला लागले. त्यात प्रामाणिक कार्यकर्ता भरडला गेला. तुटपुंज्या पगारावर राबणारा सेवक भरडला गेला. आणि ज्या वस्त्या उशिरा जाग्या झाल्या, ज्यांनी विहारात दोन कपाटं मांडून नुकतं कुठं वाचनालय सुरू केलं, त्यांच्या वाट्याला कडक दरवाजा आला. चोरी केली कोणी आणि कुलूप लागलं कोणाला.

आणि या सगळ्यात राज्य सरकार उत्कृष्ट ग्रंथालयाला दरसाल पुरस्कार देतं, तो बाबासाहेबांच्या नावानं. नाव दिलं याचा आनंद आहे. पण पुरस्कार मिळवणाऱ्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळात वस्तीतला माणूस किती ठिकाणी आहे, हा प्रश्न त्या समारंभात कोणी विचारत नाही. तो आपण विचारायचा.

कसा विचारायचा? भाषणानं नाही. संविधानाच्या 15 व्या कलमानं बोले ठरावाचं काम पुरं केलं आहे. संपूर्ण किंवा अंशतः राज्याच्या पैशावर चालणारी सार्वजनिक जागा जातीवरून कोणाला नाकारता येत नाही. त्यातला अंशतः हा शब्द आपल्यासाठी आहे. अनुदानाचा एक रुपया घेतला की ती जागा मंडळींची खाजगी राहत नाही. 2005 पासून माहितीचा अधिकार आहे. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याच्या कचेरीत अर्ज टाका: आमच्या गावच्या वाचनालयाला किती अनुदान मिळालं, कोणती पुस्तकं घेतली, कार्यकारी मंडळात कोण आहे. मग दहा-वीस पोरापोरींनी मिळून सभासद व्हा, एकट्यानं नको. वार्षिक सभेला जा. मतदानाचा हक्क कोणाला आहे ते घटनेत वाचा, निवडणुकीला उभे राहा. फुल्यांची, बाबासाहेबांची, आपल्या लेखकांची पुस्तकं मागणी वहीत लिहून मागा. आणि विहारातलं कपाट बंद करू नका. त्याची नोंदवही आजपासूनच नीट ठेवा: तारीख, पुस्तक, नाव, सही. उद्या मान्यता मागायला तीच वही पुरावा होईल.

महाडला आपल्या माणसांनी पाणी प्यायलं ते तहान लागली म्हणून नव्हे, हक्क आहे म्हणून. वाचनालयाचंही तसंच आहे. मागणीपत्रात ओळ घातली पाहिजे: पाणवठा, विहीर, शाळा, कोर्ट, दवाखाना, आणि वाचनालय. 1923 च्या यादीत राहून गेलेला हा शब्द आपणच लिहायचा आहे.

जयभीम.