जड अंगाच्या वडीलधाऱ्यांसाठी वॉकर घेताना : वजन, माप आणि मजबुतीची माहिती

घरात अम्मी, अब्बा, दादी किंवा नाना यांना चालायला आधार लागू लागला की आपण मेडिकलच्या दुकानात जातो, "एक वॉकर द्या" म्हणतो आणि समोर येईल तो उचलून आणतो. सडपातळ माणसाचं त्यात निभावून जातं. पण ज्यांचं वजन शंभर किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त आहे, त्यांच्यासाठी हाच वॉकर धोक्याचा ठरू शकतो. दांडी वाकते, जोड सैल होतो, नाही तर वॉकर अरुंद पडतो आणि माणूस पुढे झुकून तोल घालवतो. या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड मोडणं, ऑपरेशन आणि महिनोन्‌महिने अंथरूण. म्हणून वॉकर निवडताना काय बघायचं, याची माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

आधी वजन करा, लाजू नका

जड शरीराची माणसं, खास करून घरातल्या बायका, वजन सांगायला संकोचतात. मग घरचे अंदाजाने "असेल ऐंशी-नव्वद" असं दुकानदाराला सांगून मोकळे होतात. खरी चूक इथेच होते. वॉकर घेण्याआधी वजन काट्यावर करून घ्या. घरगुती काट्यांनाही मर्यादा असते. काटा पुरत नसेल किंवा त्यावर नीट उभं राहता येत नसेल, तर दवाखान्यातल्या मोठ्या काट्यावर करा. आकडा चारचौघांत मोठ्याने बोलायची गरज नाही, कागदावर लिहून खिशात ठेवला की झालं.

प्रत्येक चांगल्या वॉकरवर किंवा त्याच्या खोक्यावर तो किती वजनाच्या माणसासाठी बनवला आहे, ते लिहिलेलं असतं. बाजारात मिळणारे बरेचसे साधे वॉकर १०० ते १३५ किलोपर्यंतचे असतात. जास्त वजनासाठीचे मजबूत वॉकर वेगळे बनवले जातात. त्यांना दुकानात 'हेवी ड्युटी' किंवा 'बॅरिॲट्रिक' म्हणतात आणि त्यातले अनेक सव्वादोनशे किलोपर्यंतचं वजन घेतात. आखातातून किंवा विलायतेतून कुणी नातेवाईक वॉकर पाठवत असेल, तर त्यावरचा आकडा पाउंडात असू शकतो. ३०० पाउंड म्हणजे १३६ किलो आणि ५०० पाउंड म्हणजे सुमारे २२७ किलो. पाउंडाला २.२ ने भागलं की किलो निघतात.

माणसाचं वजन आणि वॉकरची मर्यादा अगदी बरोबरीची ठेवू नका. चालताना भार चारही पायांवर सारखा पडत नाही. पाय घसरला किंवा गुडघ्याने दगा दिला, तर सगळा भार एका बाजूवर झटक्याने येतो. म्हणून वजनापेक्षा निदान १५-२० किलो जास्त मर्यादेचा वॉकर घ्यावा, असं आम्ही सुचवतो. ११० किलोच्या माणसाला १३० किंवा त्यापुढचा. ज्या वॉकरवर मर्यादा कुठेच लिहिलेली नाही आणि दुकानदारही "काही होत नाही, चालतो" एवढंच म्हणतो, तो वॉकर जड माणसासाठी घेऊ नये.

कोणत्या प्रकारचा घ्यायचा?

बिनचाकाचा घडीचा वॉकर : चारही पायांना खाली रबर. उचलून पुढे ठेवायचा आणि मग पाऊल टाकायचं. सगळ्यात स्थिर हाच. मात्र प्रत्येक पावलाला उचलावा लागतो. साधा ॲल्युमिनियमचा वॉकर अडीच-तीन किलोचा असतो, मजबूत प्रकारचा त्याहून जड. मनगटात किंवा खांद्यात जोर नसेल तर दमायला होतं.

पुढे दोन चाकांचा वॉकर : मागचे दोन पाय रबराचे, पुढची दोन चाकं. ढकलत नेता येतो आणि भार टाकला की मागचे पाय जमिनीला धरतात. वॉकर उचलणं जमत नाही अशा जड माणसांना बऱ्याचदा हाच सोयीचा पडतो.

चार चाकांचा, ब्रेक आणि बैठक असलेला (रोलेटर) : ज्यांचा तोल बरा आहे पण चालून धाप लागते, त्यांच्यासाठी. ज्यांना दोन्ही हातांवर भार देऊनच चालावं लागतं त्यांनी हा घेऊ नये, तो पुढे पळतो. घ्यायचाच असेल तर बैठकीची रुंदी पाहा आणि बसण्याआधी दोन्ही ब्रेक लॉक करायची सवय लावा. बैठकीवर बसवून कुणी ढकलत नेऊ नये. ती व्हीलचेअर नाही.

एकेक बाजू पुढे सरकणारा वॉकर : आपल्याकडे हाही मिळतो. त्याच्या सांध्यांत मुळातच हालचाल असते, वापराने ती वाढत जाते. जड माणसाला पक्क्या चौकटीचा वॉकर जास्त भरवशाचा.

गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन झालं असेल, तर पायावर किती भार द्यायचा हे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट ठरवतात. वॉकरचा प्रकारही त्यांना विचारूनच ठरवा.

माप : उंची आणि रुंदी

उंचीचं माप सोपं आहे. घरात घालतात ती चप्पल घालून माणसाला सरळ उभं करा, हात मोकळे सोडायला सांगा. मनगटाची घडी जिथे येते, तिथे वॉकरची मूठ यायला हवी. मुठी धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं, साधारण १५ ते ३० अंशांत, दिसेल. मूठ खाली असेल तर माणूस वाकून चालतो आणि कंबर धरते. वर असेल तर खांदे चढतात आणि हातांत जोर येत नाही.

रुंदीकडे मात्र कुणी बघत नाही आणि जड अंगाच्या माणसाची खरी अडचण तिथेच असते. कंबर रुंद असली की माणूस अरुंद वॉकरच्या आत उभाच राहू शकत नाही. तो वॉकरच्या मागे राहून पुढे झुकतो. पोट मोठं असेल तरी हेच होतं. अशा वेळी वॉकर १५० किलोचा असला तरी उपयोग नाही. दोन्ही मुठींच्या मध्ये माणूस सहज मावला पाहिजे आणि पाऊल टाकल्यावर शरीर मागच्या दोन पायांच्या रेषेत आलं पाहिजे.

दुसरं माप घराचं. मजबूत वॉकर रुंद असतात. चाळीतल्या किंवा जुन्या बिल्डिंगमधल्या संडास-बाथरूमचे दरवाजे जेमतेम दोन फुटांचे असतात आणि दार उघडल्यावर त्यातली जागा आणखी कमी होते. म्हणून वॉकर आणण्याआधी टेप घेऊन प्रत्येक दाराची मोकळी जागा मोजा. वॉकर बाथरूममध्ये जात नसेल तर दाराशी आणि आत भिंतीला पक्का लोखंडी किंवा स्टीलचा दांडा बसवून घ्या. टॉवेलची दांडी धरून उठणं धोक्याचं आहे.

दुकानात काय तपासायचं?

१. वजनाच्या मर्यादेचं लेबल. परदेशी मालावर आयएसओ १११९९ असं लिहिलेलं असेल, तर ते चालण्याच्या आधारांच्या चाचणीचं आंतरराष्ट्रीय मानक आहे.
२. सपाट लादीवर चारही पाय एकाच वेळी टेकतात का? डुगडुगला तर घेऊ नका.
३. घडी उघडल्यावर 'खट्ट' आवाज होऊन लॉक बसतो का?
४. चारही पायांची बटणं भोकांतून पूर्ण बाहेर आली आहेत का, आणि सगळी सारख्याच भोकात आहेत का?
५. समोरची आडवी दांडी एक आहे की दोन? जाड नळी आणि दोन आडव्या दांड्या असलेली चौकट जास्त पक्की असते.
६. मूठ फिरते किंवा सरकते का?
७. पायांची रबरं रुंद, खाचा असलेली आणि घट्ट आहेत का? तशीच रबरं नंतर सुटी मिळतील का, हेही विचारा.

शक्य असेल तर ज्यांच्यासाठी घ्यायचा त्यांना दुकानात न्या आणि दहा पावलं चालवून पाहा. नेता येत नसेल तर वजन, मनगटाची उंची आणि कंबरेची रुंदी लिहून न्या. बदलून देण्याची अट बिलावर लिहून घ्या.

वापरताना

वॉकर धरून, त्याला ओढून खुर्चीवरून उठू नये. तो मागे कलंडतो. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायचं आणि उभं राहिल्यावर मुठी धरायच्या. बसताना मागे सरकत जायचं, खुर्ची पायांना लागली की एकेक हात खुर्चीवर न्यायचा. चालताना आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला पाय. वळताना छोटी छोटी पावलं, पायाला पीळ द्यायचा नाही. वॉकर घेऊन जिना चढू नये.

लांब बुरखा, अबाया, लुंगी किंवा सलवारचा पायचा वॉकरच्या पायाखाली किंवा चाकात अडकतो. कपडा घोट्याच्या वर राहील एवढा ठेवा, ओढणीची टोकं खोचून घ्या. समोरच्या दांडीला भाजीची पिशवी लटकवू नका, तोल पुढे जातो. घरातल्या सुट्या चटया, पायपुसणी आणि वायरी वाटेतून काढून टाका.

वजू आणि नमाज

सगळ्यात जास्त घसरण ओल्या जागेत होते, मग ती घरातली मोरी असो की मशिदीतला वजूखाना. वजू शक्यतो बसून करावा आणि उठण्याआधी पाय व वॉकरची रबरं कोरडी करून घ्यावीत. ओलं रबर गुळगुळीत लादीवर धरत नाही. मशिदीच्या कालिनवर जाताना रबरं पुसण्यासाठी एक स्वच्छ फडका वॉकरला बांधून ठेवला की कुणाला बोलायला जागा राहत नाही.

ज्यांना उभं राहणं झेपत नाही त्यांना बसून नमाज अदा करण्याची शरियतमध्ये सवलत आहे. कुणी किती वेळ उभं राहावं, रुकू-सजदा इशाऱ्याने कसा करावा, हे आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्या. आमचं सांगणं खुर्चीबद्दल आहे. पातळ प्लॅस्टिकची खुर्ची जड माणसाखाली फाकते. हात असलेली, चार पक्क्या पायांची लाकडी किंवा लोखंडी खुर्ची ठेवावी. रुकूसाठी वाकताना वॉकरचा आधार घेऊ नये. सफ लागल्यावर लोक वॉकर उचलून लांब भिंतीला ठेवतात आणि सलाम फिरल्यावर वडीलधारे अडकून बसतात. तो परत हातात देण्याची जबाबदारी एका तरुणाने घ्यावी. रमजानमध्ये, तरावीहच्या गर्दीत, हे फार कामाचं आहे.

खर्चाला हातभार

राज्य सरकारच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना सहायक साहित्यासाठी एकदा ३,००० रुपये बँक खात्यात मिळण्याची तरतूद आहे. त्या साहित्यात फोल्डिंग वॉकरही येतो. चौकशी जिल्ह्याच्या समाज कल्याण कार्यालयात करावी. आधार कार्ड आणि पासबुक जवळ ठेवा, खरेदीचं बिल जपा. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. त्यात कानपूरच्या एलिम्को या सरकारी कंपनीमार्फत ६० वर्षांवरच्या गरजू ज्येष्ठांना शिबिरांत वॉकर, काठ्या, व्हीलचेअर दिल्या जातात. शिबिरात वॉकर घेतानाही वजनाची मर्यादा विचारा. फुकट मिळाला म्हणून कमी मर्यादेचा वापरू नका.

अनेक शहरांत रुग्णोपयोगी साहित्य डिपॉझिटवर देणारी केंद्रं आहेत, काही जमाती आणि ट्रस्टही हे काम करतात. अशा ठिकाणी बहुतेक सगळे वॉकर एकाच साध्या मापाचे असतात. ट्रस्टींना आमची विनंती आहे की दहा वॉकर घेत असाल तर त्यातले दोन जास्त वजनाचे घ्या, आणि प्रत्येकावर किलोचा आकडा पक्क्या रंगाने लिहा.

देखभाल

आठवड्यातून एकदा, जुम्म्याच्या दिवशी ठरवून टाका, वॉकर उलटा करून पाहा. रबर झिजून धातू दिसायला लागला असेल, एका बाजूने घासला असेल तर लगेच बदला. स्क्रू आवळा, बटणं पाहा. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत लोखंडी नळी आतून गंजते, म्हणून ओला वॉकर पुसून ठेवा. वाकलेली किंवा तडा गेलेली नळी गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडून जोडून पुन्हा वापरू नका. ती त्याच जागी परत तुटते, आणि तेव्हा वर माणूस असतो.

अम्मी-अब्बांचं वजन वाढलं किंवा घटलं, ऑपरेशन झालं, तर मापं पुन्हा घ्या. वॉकर मिळाला म्हणून एकटं सोडू नका. पहिले काही दिवस कुणीतरी बाजूने, जरा मागे राहून चाला. आधार नीट असला की वडीलधारी माणसं हॉलपर्यंत येतात, दारात बसतात, मोहल्ल्यात दिसतात, आणि अल्लाहच्या मेहरबानीने आपल्या पायांनी मशिदीपर्यंतही जातात.