विंचेस्टर १८९४ रायफल : विक्रीपूर्व मूल्यांकन

चापाखालची कडी खाली-वर करून काडतूस भरण्याची ही अमेरिकी शिकारी रायफल जॉन ब्राउनिंग यांनी आखली. वय जास्त तर किंमत जास्त, हा समज तिच्या बाबतीत टिकत नाही. सत्तर लाखांहून अधिक नग तयार झाल्याने नुसते जुनेपण दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहे ते कारखान्यातून निघालेले मूळ रूप. म्हणून नळीवरची मूळ निळसर-काळी झिलई, कडांची धार आणि स्क्रूच्या न बिघडलेल्या खाचा आधी तपासाव्यात. विक्रीपूर्वी घासूनपुसून नवी झिलई चढवणे घातकच. त्यात कोरीव अक्षरे पुसट होतात, कडा गोल होतात आणि संग्राहक पाठ फिरवतो.

अनुक्रमांकावरून निर्मितीचा काळ कळतो. १८९८ पर्यंतची रायफल अमेरिकेच्या संघीय कायद्यात पुरातन ठरते, त्यामुळे तिचा व्यवहार सोपा होतो. १९६४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी घडणीत बदल झाले, आणि त्याआधीच्या रायफलींना आजही जास्त भाव मिळतो. मग अखेर वयच महत्त्वाचे ठरले, असा आक्षेप येईल. पण इथेही पैसे मोजले जातात ते घडणीसाठी. गंजलेली, दुरुस्त केलेली १९१० ची रायफल उत्तम राखलेल्या १९५० च्या रायफलीपुढे मागे पडू शकते. सुरुवातीच्या नगांवरील खास मागणीच्या नळीचा वा दस्त्याचा दावा वायोमिंगमधील कोडी येथील संग्रहालयात जपलेल्या कारखान्याच्या नोंदींशी ताडता येतो. भाव ठरवताना जाहिरातीतल्या मागणीपेक्षा लिलावात प्रत्यक्ष मिळालेली रक्कम प्रमाण मानावी.