परमुलखातील दुसरे बाळंतपण

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस म्हसवडला श्रीसिद्धनाथाचा रथ निघतो. त्या दिवशी माणगंगेच्या काठी ज्या मोटारी उभ्या असतात त्यांच्या पाट्या एखाद्याने लक्षपूर्वक वाचल्या, तर या मुलखाचा निम्माशिम्मा अलीकडचा इतिहास त्यास तेथेच कळून येईल. तामिळनाडू, केरळ, आंध्र, कर्नाटक, फार काय, उत्तरेकडील प्रांतांच्याही पाट्या तेथे दिसतात. हे यात्रेकरू परके नव्हेत. माण, खटाव, आटपाडी, खानापूर या अवर्षणी टापूतून पोटासाठी बाहेर पडलेली ही गलाईवाल्यांची कुटुंबे होत. जुने दागिने वितळवून सोनेचांदी शुद्ध करून देणे, सोनारांच्या दुकानांतील केर विकत घेऊन त्यातून सोन्याचे कण काढणे, हा त्यांचा धंदा. विसाव्या शतकात तो देशभर पसरला आणि 1972 च्या दुष्काळाने त्या वाटेवर आणखी कित्येकांना लोटले.

म्हसवडचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत येते ते नागोजी मान्यामुळे. 1697 साली सेनापती संताजी घोरपड्याचा वध त्याने केला. तेव्हा त्या वधाची कारणे, त्यातील सूडाची भावना, नागोजीच्या बायकोचे त्यामागील अंग, या सर्वांची चर्चा आमच्या इतिहासकारांनी भरपूर केली आहे. तीविषयी आमची तक्रार नाही. परंतु याच गावातून परमुलखात गेलेल्या, तेथे एक मूल मातीआड करून दुसऱ्याची वाट पाहणाऱ्या स्त्रीचा दिवस कसा जात असेल, हे सांगणारा कागद आम्हांस कोठे मिळावयाचा? आज आमचे म्हणणे एवढेच आहे की, असा कागद नसला तरी साधन अगदीच नाही असे नव्हे. मात्र ते दप्तरात न शोधता नावांत आणि रिवाजांत शोधले पाहिजे.

ज्यांना लिहिता येत होते त्यांचे काय झाले ते प्रथम पाहू. 1812 साली अमेरिकेतून काही तरुण मिशनरी जोडपी हिंदुस्थानाकडे निघाली. त्यांपैकी हॅरिएट न्यूएल हिला कलकत्त्यास राहू दिले नाही. मॉरिशसच्या वाटेवर जहाजातच तिला मुलगी झाली, ती पाच दिवसांत गेली, आणि त्याच वर्षीच्या 30 नोव्हेंबरला हॅरिएटही गेली. तिचा पती पुढे मुंबईस येऊन मराठी मिशनच्या कामास लागला. त्याच जहाजातून आलेली अ‍ॅन जडसन ब्रह्मदेशात गेली. तिचे पहिले मूल 1813 च्या समुद्रप्रवासात मृत जन्मले. दुसरा मुलगा 1816 साली अवघ्या आठ महिन्यांचा होऊन वारला. पुढे 1824 साली इंग्रज-ब्रह्मी युद्धात तिच्या नवऱ्याला आवा येथे तुरुंगात टाकले, तेव्हा ही बाई पुन्हा गरोदर होती. तशा अवस्थेत रोज तुरुंगाच्या दाराशी अन्न पोहोचविणे, पहारेकऱ्यांचे हात ओले करणे, दरबारातील बायांच्या विनवण्या करणे, असा तिचा क्रम चालला होता. जानेवारी 1825 मध्ये मुलगी झाली. पुढल्याच वर्षी अ‍ॅन गेली, आणि तिच्यामागून ती मुलगीही. हे सर्व आम्हांस ठाऊक आहे, कारण या बायका पत्रे लिहीत आणि त्यांच्या मागे ती पत्रे छापणारी माणसे होती.

आमच्याकडे असे लिहून ठेवणारी जी एक झाली तिची कथा वाचकांना ठाऊकच आहे. आनंदीबाई जोशी यांचा मुलगा दहाव्या दिवशी गेला. त्यांनी 1883 साली समुद्र ओलांडला, आणि 1886 साली फिलाडेल्फिया येथे वैद्यकीची पदवी घेताना निबंध लिहिला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. त्यांना पुन्हा मूल झाले नाही. दुसऱ्या मुलाच्या जागी त्यांनी प्रबंध वाढविला, असे आम्ही एकदा वर्गात बोलून गेलो होतो. आज ते वाक्य आम्हांस थोडे बेगडी वाटते.

मात्र आनंदीबाईंचा तो दहावा दिवस लक्षात ठेवण्याजोगा आहे. आपल्याकडे पाचव्या व सहाव्या रात्रीचे भय फार. पाटावरवंटा मांडून सटवाईची पूजा करावयाची, रात्रभर दिवा विझू द्यावयाचा नाही, मूल आईच्या अंगावरून खाली ठेवावयाचे नाही, आणि देवीने नशीब लिहावे म्हणून कोरा कागद व लेखणी जवळ ठेवावयाची. सुशिक्षितांनी या जागरणाची पुष्कळ थट्टा केली आहे. आम्हीही केली होती. पुढे नवजात अर्भकाच्या धनुर्वाताविषयी वाचण्यात आले आणि थट्टा थांबली. विळ्याने किंवा गंजक्या पात्याने नाळ कापली, वर शेणाची राख लावली, म्हणजे त्या जखमेतून रोग शिरतो. आणि मूल दूध ओढीनासे होते ते बहुधा जन्मापासून पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच. रोगाचे कारण आमच्या आज्यांना ठाऊक नव्हते, पण त्याची तिथी त्यांनी अचूक हेरली होती. गरोदर स्त्रियांना धनुर्वाताची लस टोचणे आणि बाळंतपणे दवाखान्यांत होणे या दोहोंमुळे 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून या रोगाचे निर्मूलन झाल्याचे मान्य केले. सटवाईची पूजा मात्र चालूच आहे, आणि ती चालावी यात आम्हांस वावगे दिसत नाही.

आता परमुलखातील त्या आईकडे वळू. पहिले बाळंतपण माहेरी, हा आपला दंडक. सातव्या महिन्यात बाप किंवा भाऊ न्यावयास येणार, आणि मूल सवा महिन्याचे झाल्यावर लेक परत जाणार. पण मूल गेले म्हणजे हा दंडक डळमळतो. माहेरी गेले असले तर, ‘तिकडे मोठे दवाखाने असताना खेड्यात का पाठविली?’ असे सासरचे म्हणतात. परमुलखात गेले असले तर, ‘परक्या गावात तिच्याकडे कोणी पाहिले?’ असे माहेरचे म्हणतात. दुसऱ्या खेपेस दिवस राहिले की प्रथम हा वाद उभा राहतो, आणि त्यात जिचे मूल गेले तिला बहुधा कोणी विचारीत नाही.

तिचा दिवस जातो तो सराफकट्ट्यालगतच्या एखाद्या बोळात. पुढे दुकान, मागे बिऱ्हाड, असे जेथे असेल तेथे भट्टीची धग व तेजाबाचा पिवळसर धूर स्वयंपाकघरापर्यंत येतो. चांदी तेजाबात विरघळते तेव्हा निघणारा हा धूर छातीस घातक असतो. म्हणून अशा दिवसांत जाणती सासू सुनेस वरच्या मजल्यावर किंवा शेजारच्या गलाईवाल्याच्या घरी बसविते. भाजीवालीशी बोलावयाचे तामिळीत किंवा मल्याळीत, डॉक्टरणीशी त्याच भाषेत अडखळत, आणि गावाकडे बोलावयाचे फोनवर. फोनवर पहिले तीन महिने ही बातमी सांगावयाची नाही. ओटी भरावयाची ती चोरओटी. डोहाळजेवण बहुधा टळते. कोणी आग्रह धरलाच तर तब्येतीचे निमित्त सांगतात. पाळणा आधी आणावयाचा नाही, नवे कापड बेतावयाचे नाही. मुलाला पहिले अंगडे घालावयाचे ते ज्या घरची मुले जगली-वाढली त्या घरून मागून आणलेले. एरवी माणदेशी माणूस मागण्याचा मोठा कंटाळा करणारा. येथे मात्र मागून आणण्यालाच महत्त्व. जे आपले नाही ते हिरावून नेण्यात नियतीला काय मिळणार, असा हा हिशेब आहे.

हाच हिशेब नावांत उतरला. आधीची मुले दगावल्यावर झालेल्या मुलाला दगडू, धोंडू, केरू, कचरू म्हणावयाचे. मागून घेतलेला म्हणून भिकू. नाक टोचून मुलगी भासविलेला तो नथू. कोठे मूल सुपात घालून शेजारणीस नावापुरते विकीत आणि मूठभर धान्य देऊन परत घेत. येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. प्रत्येक धोंडू हा असा नवसाचा नसतो. धोंड्याच्या महिन्यात, म्हणजे अधिक मासात जन्मल्यामुळेही ते नाव पडते. तेव्हा नावांवरून इतिहास लिहू पाहणाराने घाई करू नये. तथापि एका घराण्याच्या वंशावळीत विठोबा, रामा, नामदेव अशा नावांमध्ये एकदम कचरू आला, तर त्याच्या आधी एखादी न लिहिलेली नोंद असली पाहिजे, असे आम्ही निःशंकपणे म्हणू. आणि केरातून सोने काढणे हाच ज्यांचा धंदा, त्यांच्या घरी मुलास केरू म्हणताना सर्वांनाच थोडे हसू येत असले पाहिजे.

असे मूल पदरी पडणे या टापूत किती बेभरवशाचे होते, याची एक हकिकत सांगतात. 1 ऑक्टोबर 1919 रोजी आटपाडीजवळच्या शेटफळे गावी, आजोळी, एक मूल जन्मले. ते रडले नाही, हलले नाही. पुरावयाची तयारी झाली. तेवढ्यात सुइणीने बेंबीजवळ निखारा नेला आणि मुलाने टाहो फोडला. ते मूल म्हणजे ग. दि. माडगूळकर.

याच सातारा जिल्ह्यात नावांची आणखी एक जात होती. ऑक्टोबर 2011 मध्ये साताऱ्यास एक समारंभ होऊन 285 मुलींना नवी नावे देण्यात आली. त्यांची जुनी नावे नकुशी, नकोसा अशी होती. मुलीवर मुली झाल्या म्हणून आईबापांनी ठेवलेली ती नावे. वरवर पाहता कचरू आणि नकुशी ही एकाच घरची भावंडे भासतात. परकी माणसे तसे समजतातही. वस्तुतः त्यांच्यात आकाशपाताळाचे अंतर आहे. कचरू हे लबाडीचे नाव. मूल नको असे दैवाला भासवून त्यास घट्ट धरून ठेवण्यासाठी योजिलेले. नकुशी हे खरे बोलणारे नाव. एकाच बाईने मुलाला एक आणि मुलीला दुसरे नाव दिले असेल, हे ध्यानी आले म्हणजे त्या आईची कीव करावी की तिच्यावर रागवावे हे आम्हांस ठरविता येत नाही. राग येतो हे मात्र खरे.

म्हसवडातच 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक निघाली. परवान्यासाठी केलेला पहिला अर्ज नामंजूर झाला होता, कारण अर्जदार बायकांच्या सह्या नव्हत्या, अंगठे होते. त्या बायका मग लिहावयास शिकल्या. आपले नाव स्वतःच्या हाताने प्रथम लिहिण्याचा प्रसंग पन्नाशीत यावा, तेथे मुलाच्या मृत्यूची नोंद कोण कोठे लिहिणार?

एका वर्षी रथाच्या गर्दीत आम्ही सावलीला उभे होतो. शेजारी एक आजीबाई दहाएक महिन्यांचा नातू कडेवर घेऊन होत्या. मुलाची आई तामिळनाडूकडील मोटारीजवळ नारळ-गुलालाची पिशवी सोडीत होती. मुलाच्या अंगावर धुऊन विटलेले, कोपऱ्यांना दंडलेले टोपडे होते, आणि आजीबाईंच्या हातात तर सोन्याच्या पाटल्या. आम्ही सहज विचारले, “आजी, बाळाचं नाव काय?”

“कागदावर हाय की. दवाखान्यात लिवून घेत्यात ना.”

“आणि घरी?”

त्यांनी एकवार सुनेकडे पाहिले. मग टोपड्याची नाडी घट्ट करीत म्हणाल्या, “घरात न्हाय ठेवलं अजून. धोंड्या म्हंतो.”

तेवढ्यात रथ हलला, आणि त्या दोघी मुलाला घेऊन गर्दीत पुढे गेल्या.