हागिया सोफिया : पवित्र ज्ञानाचे मंदिर

इस्तंबूल, म्हणजे पूर्वीचे कॉन्स्टँटिनोपल, येथील हागिया सोफिया हे सोफिया नावाच्या कुणा संत स्त्रीचे मंदिर, असा समज पुष्कळांचा असतो. तो बरोबर नाही. ग्रीक भाषेत 'सोफिया' म्हणजे ज्ञान. देवाचे पवित्र ज्ञान, अर्थात प्रभू येशू ख्रिस्त, यांस हे चर्च अर्पण केलेले होते.

सम्राट जस्टिनियनविरुद्ध ५३२ साली उसळलेल्या दंगलीत तेथील आधीचे चर्च जळाले. त्याच जागी अँथेमियस व इसिडोर या दोघा गणितज्ञांनी सहा वर्षांच्या आत नवी वास्तू उभारली. तिचे समर्पण २७ डिसेंबर ५३७ रोजी झाले.

खरा पेच होता तो चौरस जागेवर गोल घुमट बसविण्याचा. त्यांनी चार प्रचंड खांबांवर चार कमानी उभारल्या आणि कमानींमधल्या कोपऱ्यांत आत झुकणारे वक्र त्रिकोण बांधून काढले. या त्रिकोणांचे वरचे काठ जुळून वर्तुळ होते व त्यावर सुमारे ३१ मीटर व्यासाचा घुमट विसावतो. पूर्वेस व पश्चिमेस अर्धघुमट त्याचा रेटा पेलतात. पायथ्याच्या ४० खिडक्यांतून उजेड आला की घुमट अधांतरी असल्याचा भास होतो. पहिला घुमट मात्र फार चपटा होता. भूकंपांनी खिळखिळा होऊन तो ५५८ साली कोसळला. धाकट्या इसिडोरने तो सुमारे सहा मीटर अधिक उंच बांधला, त्यामुळे भिंतींवरचा बाहेरचा रेटा घटला.

आम्हां कॅथलिकांना ही वास्तू निव्वळ कौतुकाने पाहता येत नाही. रोमचे प्रतिनिधी कार्डिनल हंबर्ट यांनी १६ जुलै १०५४ रोजी बहिष्काराचे पत्र ठेवले ते याच चर्चच्या वेदीवर. पुढे १२०४ साली चौथ्या क्रूसयुद्धातील लॅटिन सैनिकांनी, म्हणजे आपल्याच लोकांनी, हे चर्च लुटले आणि १२६१ पर्यंत ते लॅटिन कॅथेड्रल राहिले. १०५४ चे परस्पर बहिष्कार पोप पॉल सहावे व पॅट्रिआर्क अथेनागोरस यांनी ७ डिसेंबर १९६५ रोजी मागे घेतले. त्या लुटीबद्दलचे दुःख पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००१ साली अथेन्स येथे बोलून दाखविले.

१४५३ साली चर्चची मशीद झाली, १९३५ साली संग्रहालय, आणि जुलै २०२० पासून ती पुन्हा मशीद आहे. वरच्या दक्षिण सज्जात प्रभू येशू, पवित्र मारिया व योहान बाप्तिस्ता यांचे मोझेक चित्र आहे. त्याचा खालचा बराचसा भाग गळून गेला असला तरी तिन्ही चेहरे शाबूत आहेत. लॅटिन सत्ता गेल्यानंतर ते घडविले गेले असावे, असे अभ्यासक मानतात. त्याच सज्जात, त्याच्या समोर, जमिनीवर एक शिळा आहे. तिच्यावर १२०४ च्या स्वारीतील व्हेनिसचा नेता एन्रिको दांदोलो याचे नाव कोरलेले आहे.