चंचीचा वास

नरकचतुर्दशीच्या पहाटे अत्तराचा फाया कानात घातल्यावाचून आमच्या घरी कोणी फराळाला बसत नाही. गेल्या दिवाळीत मात्र हा नेम मोडण्याची पाळी आली. जर्मनीत नोकरीला असलेला भाचा आला होता. त्याने एक पांढरीशुभ्र, आतले काही न दिसणारी बाटली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "मामा, यंदा अत्तराऐवजी हे लावून बघा." बाटलीवरचे नाव वाचून मी चपापलो. नाव होते 'टबाक'. म्हणजे सरळसरळ तंबाखूच की!

चपापण्याला कारण होते. आमचे अण्णा तंबाखूचे मोठे भक्त. त्यांची चंची उघडली की सुपारी, लवंग आणि तंबाखू यांचा मिळून एक उबदार वास घरभर पसरे. त्याच तंबाखूने पुढे तोंडाच्या कर्करोगाच्या रूपाने त्यांचा घास घेतला. तेव्हापासून आईपुढे तंबाखूचे नावही कोणी काढत नाही. मी बाटली मुकाट्याने फडताळात ठेवली. पण मास्तरकीची खोड जात नाही. तिचे कूळ शोधू लागलो.

'कोलन' आपल्याला परके नाही. जुन्या घरांतून ताप चढला की 'यूडीकोलन'ची ओली घडी कपाळावर ठेवीत. हे नाव ऱ्हाईन नदीकाठच्या कलोन शहराचे. 1709 मध्ये तेथे फारिना घराण्याची पेढी निघाली, आणि इटलीहून आलेल्या योहान मारिया फारिनाने लिंबू-संत्र्याच्या जातीच्या फळांच्या सालींची तेले मद्यार्कात मिसळून केलेल्या आपल्या सुगंधी पाण्याला त्या शहराचेच नाव दिले. वास प्रसन्न, पण अळवावरच्या पाण्यासारखा. आता आहे, घटकेने नाही.

तंबाखू अमेरिकेतली. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्याला लागली आणि लवकरच विजापुरी पोहोचली. अकबराचा वकील असदबेग 1604 च्या सुमारास विजापुराहून परतला तो तंबाखू आणि रत्नजडित हुक्का घेऊन. बादशहाने हकिमांच्या विरोधाला न जुमानता दोन-चार झुरके घेतले. पुढे जहांगिराने 1617 मध्ये बंदीचा हुकूम काढला. तो किती पाळला गेला हे आपण जाणतोच! गंमत अशी की, विजापूरच्या ज्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या राज्यात असदबेगाला तंबाखू भेटली, त्याच्याच दरबाराशी 'इत्र-इ-नौरसशाही' हा सुगंधांवरचा फारसी ग्रंथ निगडित आहे. एकाच नगरीत एकीकडे अत्तरे घोटली जात होती आणि दुसरीकडे हुक्का गुडगुडत होता.

तरीही तंबाखूचा वास अंगाला लावण्याची टूम निघाली ती फार उशिरा, पॅरिसमध्ये. पहिले महायुद्ध संपले होते आणि बायका उघडपणे सिगारेट ओढू लागल्या होत्या. त्यांच्यासाठी कॅरोन या पेढीच्या एर्नेस्ट दाल्ट्रॉफने 1919 मध्ये 'ताबाक ब्लाँ' काढले. 1921 चे 'हबानिता' तर आधी सिगारेटलाच लावण्यासाठी निघाले आणि मागाहून अंगावर आले. माझ्या बाटलीतले 'टबाक' 1959 चे, आखेनजवळच्या श्टोलबेर्ग गावातल्या कारखान्याचे.

शोधता शोधता एक गोष्ट मात्र अशी हाती आली की मी थबकलो. तंबाखूचे हिरवे पान असे गोड वासाचे नसते. तो वास ते वाळताना, मुरताना येतो. काहीसा वाळल्या गवतासारखा. या वासाशी नाते सांगणारे कूमारीन नावाचे द्रव्य दक्षिण अमेरिकेतल्या टोंका नावाच्या बीमध्ये असते. पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने ते 1868 मध्ये प्रयोगशाळेत बनवले. तंबाखूवाले आपल्या मालाला ही टोंकाची बी लावीत, आणि अत्तरवालेही तंबाखूचा भास उभा करायला पुष्कळदा तिचाच आधार घेतात. म्हणजे ज्याला आपण तंबाखूचा वास म्हणून ओळखतो, त्यातला काही भाग तिचा नव्हेच! एवढे कळल्यावर माझ्या मनातली अढी थोडी सैल झाली.

मग मी बाटली उघडली. नुसते कोलन लावून पाहिले, तर आधी फळांचा टवटवीतपणा, मग साबणासारखी स्वच्छता, आणि सर्वांत शेवटी तो उबदार वास. दुसऱ्या दिवशी मोगऱ्याच्या अत्तरावर लावले. दोघांचे सवती-सवतींसारखे भांडण जुंपले. तिसऱ्या दिवशी मनगटावर आधी चंदनाचे तेल, ते मुरल्यावर गुलाबाचा ओझरता हात, आणि वर कोलनचे दोनच थेंब. हे जमले. यात जादू नाही. हलके वास झटकन उडून जातात, जड वास अंगाला धरून राहतात. म्हणून जड खाली, हलके वर. कनोजचे अत्तारी तरी काय करतात? फुलांचा अर्क परंपरेने चंदनतेलात उतरवतात. आणि सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर 1820 जोड्या होतात, असा हिशेब मांडून ठेवलाच आहे. वासांचे मिश्रण ही साहेबाची नवी फॅशन नव्हे.

दिवाळीच्या पहाटे उटणे, सुगंधी तेल, स्नान झाले. चंदन, गुलाब आणि 'टबाक' लावून मी आईच्या पाया पडायला वाकलो. तिचा हात डोक्यावर आला आणि तेथेच थांबला. माझ्या काळजाचा ठोका चुकला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "अरे, ह्यांची चंची कुठं सापडली तुला?"

मी बाटली दाखवली. "तंबाखू नाही गं आई, नुसता वास आहे."

तिने बाटली हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. "वासानं नव्हतं रे काही केलं त्यांचं," असे म्हणून तिने कनवटीचा रुमाल काढला आणि माझ्यापुढे धरला.

"लाव थोडं. आणि फराळाला बसा आता, चकल्या निवताहेत."