तराईतील मृगया आणि पाहुण्याचा आहेर

पाहुणचार करणे कठीण, असे सामान्यतः मानले जाते. पण पाहुणचाराची उचित फेड करणे त्याहूनही कठीण आहे, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. आपल्या घरगुती व्यवहारात या कामी रूढीचे साहाय्य मिळते. कोणाकडून काय आले होते याची आठवण घरातील वडील बायका चोख ठेवतात व परत आहेराचे प्रमाण त्यावरून ठरते. परंतु पाहुणा परदेशचा, यजमान राज्यकर्ता आणि पाहुणचार रानातील मृगयेचा, असा प्रसंग आला म्हणजे रूढी मुकी होते. तेथे यजमान पक्वान्ने वाढून थांबत नाही. तो आपले रान, आपले हत्ती आणि आपली माणसे पाहुण्याच्या स्वाधीन करतो. अशा ऋणाची फेड कशाने करावी? नेपाळच्या तराईत इंग्लंडच्या राजघराण्याने केलेल्या शिकारींचा इतिहास या प्रश्नावर चांगला प्रकाश पाडतो.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हिंदुस्थानातील दरबारी रिवाजात देणगी ही केवळ प्रेमाची खूण कधीच नव्हती. नजर खालून वर जाई, खिलत वरून खाली येई. शिरपाव, वस्त्रे व पानसुपारी यांतील प्रत्येकाला दर्जाचा अर्थ असे. कंपनी सरकारने हा रिवाज उचलला खरा, पण त्यातील जिव्हाळा काढून टाकला. साहेबांस मिळालेली वस्तू तोशाखान्यात जमा व्हावी आणि तेथूनच दुसऱ्या एखाद्या संस्थानिकास परत नजराणा म्हणून जावी, अशी ती व्यवस्था होती. एकाची शाल दुसऱ्याच्या खांद्यावर पडे आणि हिशेबाच्या वहीत जमाखर्च बरोबर उतरे. हिशेब असा चोख राही. उपकार मात्र कोणाच्याच मनात उरत नसे.

या पार्श्वभूमीवर १८७६ सालची शिकार पाहावी. युवराज अल्बर्ट एडवर्ड, म्हणजे पुढे झालेले बादशहा सातवे एडवर्ड, हे ८ नोव्हेंबर १८७५ रोजी मुंबईस उतरले व हिंदुस्थानभर फिरून फेब्रुवारीत शारदा नदी ओलांडून नेपाळच्या हद्दीत गेले. तेथे जंगबहादुर राणा यांनी शेकडो हत्तींचा तळ देऊन त्यांचे स्वागत केले. एका दिवशी तर युवराजांच्या हातून सहा वाघ पडले. पण शिकारीच्या आकड्यांहून अधिक अर्थपूर्ण आहे ती भूमी. १८५७ च्या उठावात जंगबहादुरांनी लखनौच्या बाजूस सैन्य घेऊन जाऊन इंग्रजांस साहाय्य केले होते, आणि त्याबद्दल १८६० च्या तहाने शारदा व राप्ती या नद्यांमधील तराईचा पट्टा नेपाळला परत मिळाला होता. नेपाळात त्यास ‘नया मुलुक’ म्हणतात. म्हणजे ज्या रानात युवराजांस मेजवानी मिळाली, ते रानच मुळी इंग्रजांनी केलेला परत आहेर होता! यजमानाने पाहुण्याला पाहुण्यानेच दिलेल्या पात्रात वाढावे, तसा हा प्रकार झाला.

निरोपाच्या वेळी युवराजांनी जंगबहादुरांस उत्तम रायफली व स्वतःची रुपेरी प्रतिमा दिली. या दोन वस्तूंची तुलना करण्याजोगी आहे. प्रतिमा देणाऱ्याची आठवण करून देते. रायफल घेणाऱ्याची आवड ओळखते. जंगबहादुर हे जन्माचे शिकारी. १८५० साली विलायतेस जाऊन आलेल्या या पुरुषाला इंग्रजी कारागिरीची पारख होती. शिकाऱ्याने शिकाऱ्यास दिलेले हत्यार हे त्याच्या हातात रोज बोलते. दिवाणखान्यातील प्रतिमा केवळ उभी राहते. त्या रायफलींचा उपभोग त्यांना फार काळ घडला नाही. फेब्रुवारी १८७७ मध्ये, शिकारीच्या दौऱ्यावर असतानाच, बागमतीच्या काठी त्यांचा अंत झाला.

याच तराईत त्याआधी सतरा-अठरा वर्षांपूर्वी दुसरे पाहुणे आले होते, हे महाराष्ट्रीय वाचकांस विसरता येणार नाही. उठाव मोडल्यावर नानासाहेब पेशवे आपल्या परिवारासह याच रानात शिरले, आणि पेशव्यांच्या घरातील स्त्रियांना जंगबहादुरांनी नेपाळात आश्रय दिला. बेगम हजरत महल यांनाही तेथेच आसरा मिळाला व १८७९ साली काठमांडूतच त्यांनी देह ठेवला. पेशव्यांकडील ‘नौलखा’ म्हणून प्रसिद्ध असलेला हार या काळात मोल देऊन जंगबहादुरांनी घेतला. युवराजांची रुपेरी प्रतिमा आणि पेशव्यांचा हार एकाच मनुष्याच्या हाती आले; एक देणाऱ्याच्या खुशीने, दुसरा देणाऱ्याच्या निरुपायाने. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्याकडून आलेल्या वस्तूस देणगी म्हणावे की नाही, हा प्रश्न आम्हांस या ठिकाणी पडतो. उलट बाजूने असेही म्हणता येईल की, समर्थ शेजाऱ्याच्या युवराजाला शिकारीस बोलावणे हे तरी यजमानास कितपत टाळता आले असते?

दुसरा प्रसंग १९११ सालचा. दिल्ली दरबार १२ डिसेंबरला झाला. त्याच्या आदल्याच दिवशी नेपाळचे महाराजाधिराज पृथ्वीवीरविक्रम शाह निवर्तले. तरीही पंचम जॉर्ज यांची चितवनमधील शिकार रहित झाली नाही. खरी सत्ता पंतप्रधान चंद्रशमशेर यांच्या हाती होती आणि तयारीही प्रचंड झाली होती. सहाशेंहून अधिक हत्ती जमविले होते. हत्तींचे रिंगण करून वाघास कोंडावयाचे ही तेथील जुनी पद्धत. अवघ्या दहा दिवसांत ३९ वाघ, १८ गेंडे व ४ अस्वले पडली. शिवाय यजमानाने नेपाळी पशुपक्ष्यांचा मोठा जिवंत संग्रह नजर केला तो वेगळाच. तो पुढे लंडनच्या प्राणिसंग्रहालयात गेला.

याची फेड बादशहांनी दोन प्रकारे केली. चंद्रशमशेर यांस मानाचा किताब मिळाला आणि नेपाळास दोन हजार रायफली दारूगोळ्यासह मिळाल्या. वरवर पाहता ही १८७६ चीच पुनरावृत्ती वाटेल. पण तसे नाही. पहिल्या रायफली एका माणसाच्या छंदासाठी होत्या, या एका राज्याच्या सैन्यासाठी. नेपाळला बाहेरून शस्त्रे आणावयाची तर हिंदुस्थान सरकारची संमती लागे, आणि ती सुखासुखी मिळत नसे. सबब यजमानाला अत्यंत हवी असलेली वस्तू पाहुण्याने नेमकी ओळखली, असे म्हणावे लागते. मात्र ती हवीशी का झाली होती? पाहुण्याच्याच सरकारने तिची वाट अडवून धरली होती म्हणून! अडविलेल्या वस्तूची मूठभर देणगी देऊन औदार्याचे श्रेय घेणे, हा राजकारणातील जुना डाव आहे.

पुढे पहिल्या महायुद्धात नेपाळने आपल्या पलटणी हिंदुस्थानात पाठविल्या आणि युद्धानंतर त्याबद्दल नेपाळला वर्षास दहा लक्ष रुपये मिळू लागले. डिसेंबर १९२१ मध्ये आणखी एक युवराज, पुढे आठवे एडवर्ड झालेले, तराईत शिकारीस आले. २१ डिसेंबर १९२३ रोजी झालेल्या तहाने नेपाळचे स्वातंत्र्य स्पष्ट शब्दांत मान्य झाले व शस्त्रे आणण्याची मोकळीकही मिळाली. हा तह शिकारीचे फळ होते, असे आम्ही म्हणत नाही. युद्धातील रक्त हे त्याचे मोल होते. परंतु यजमानाच्या मनातील इच्छा दोन हजार रायफलींनी भागली नव्हती, ती या कागदाने भागली, एवढे मात्र निश्चित. दानापेक्षा हक्क मोठा, हा धडा यातून निघतो.

आता यातील एका पक्षाचा उल्लेख राहिला. माग काढणारे, हत्ती हाकणारे, रिंगणात उभे राहणारे आणि तराईचा हिवताप पिढ्यान्‌पिढ्या सोसून तेथे राहिलेले थारू लोक हेही यजमानच होते. आणि ज्यांची कातडी विलायतेस गेली ते वाघ व गेंडे तर पाहुणचारातील पक्वान्नच ठरले. १९६१ साली राणी दुसऱ्या एलिझाबेथ व प्रिन्स फिलिप चितवनात आले, तेव्हा फिलिप यांच्या बंदुकीच्या बोटास पट्टी बांधलेली होती व त्यांनी गोळी झाडली नाही. त्याच वर्षी वन्यप्राण्यांच्या रक्षणासाठी निघालेल्या जागतिक निधीच्या ब्रिटिश शाखेचे ते अध्यक्ष झाले. १९७३ साली चितवन राष्ट्रीय उद्यान झाले. २०२१ च्या गणतीत नेपाळमध्ये ७५२ गेंडे आढळले, त्यांपैकी ६९४ चितवनात. पण उद्यान झाले तेव्हा थारूंच्या गवताच्या, सरपणाच्या व मासेमारीच्या जुन्या वाटा आखडल्या. राजांच्या शिकारीचा भार ज्यांनी वाहिला, रक्षणाचा भारही पुष्कळसा त्यांच्याच माथी आला.

असो. या सर्वांवरून आहेराची कसोटी काय ठरते? वस्तूची किंमत ही कसोटी नव्हे; रुपे आणि पोलाद यांत पोलाद सरस ठरले ते किमतीने नव्हे, तर घेणाऱ्याची ओळख त्यात होती म्हणून. पण ओळख असूनही पुरत नाही. आपणच घातलेली अडचण अंशतः दूर करून जो आहेर होतो, त्यात उपकारापेक्षा उपरोध अधिक असतो. आणि पाहुणचाराचा खर्च खरोखर कोणी सोसला, हे न पाहता केलेला आहेर कितीही निवडक असला, तरी तो भलत्याच दारी पोहोचतो. परक्या रानातून हरखून परतणाऱ्या पाहुण्याने दुकानात शिरण्यापूर्वी हा शेवटचा प्रश्न स्वतःस विचारावा; वस्तू कोणती घ्यावयाची, हे मग त्याला सहज सुचेल.